फळ्यावरची चौसष्टची ओळ

हाटकेशच्या आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक काळा फळा आहे. त्यावर पाण्याची वेळ लिहितात. मागच्या आशिया कपाच्या वेळी, क्रिकेटचा नव्हे, फुटबॉलचा, मी त्यावर आजवरच्या सगळ्या फायनल लिहून काढल्या. बहात्तरपासून पुढे, जिंकलं कोण, हरलं कोण. आणि सगळ्यात वर एक ओळ: चौसष्ट, भारत दुसरा.

ती ओळ अप्पांसाठी होती. माझे वडील जन्मभर सांगत आले की आपण एकदा आशियात दुसरे आलो होतो, आणि लोक जन्मभर हसत आले. आधी गिरणीत हसले, मग इथे खाली बाकावर. 'थापाडे आजोबा' म्हणायला लागले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी खाली येणंच सोडलं. मला राग आला, आणि माझा राग लवकर उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी पाहते तर तेवढीच ओळ पुसलेली. मी सेक्रेटरीला गाठलं.

"काकी, चौसठ में फायनल हुआच नहीं," तो मोबाइल पुढे करत म्हणाला. "फायनल के लिस्ट में इंडिया कैसे डालेंगे?"

खरं होतं त्याचं. तेव्हा चार देश आपसात खेळले. आपण दोन सामने जिंकलो, एक हरलो, दुसरे आलो. फायनल नावाची भानगडच नव्हती. पण फायनल ठेवली नाही, हा काय माझ्या बापाचा गुन्हा? शेंडी तुटो की पारंबी, म्हटलं, ओळ राहणार.

मी ओळ परत लिहिली. त्याने परत पुसली. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावरचं 'फायनल' हे शीर्षकच पुसलं आणि लिहिलं, 'आशियात पहिला आणि दुसरा'. छप्पन, साठ, चौसष्ट, अडुसष्ट, सगळी सालं भरली. पाण्याच्या वेळेला कोपरा ठेवला.

सेक्रेटरी डस्टर घेऊन आला. मोबाइलवर एकेक ओळ ताडून पाहिली. चूक सापडेना.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. अप्पांना मीच हट्टाने खाली बोलावलं होतं. काठी टेकत ते फळ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आजोबा, सच में सेकंड आये थे?" सेक्रेटरीने विचारलं.

आजवर हा प्रश्न आला की अप्पा तासभर समजावत बसायचे. त्या दिवशी त्यांनी काठी उचलली आणि त्या ओळीवर टेकवली.

"मला काय विचारतोस? वाच."