गरम पाण्याच्या टाकीची जागा

कराडहून निघालो त्या दिवशी सगळ्यात मोठी कटकट होती ती वजनाची. समोरच्या किराणा दुकानातून निखिलने लटकता वजनकाटा मागून आणला होता आणि आम्ही नवरा-बायको एकेक बॅग त्याला टांगून बघत होतो. मेतकूट बाहेर, पापड आत, परत पापड बाहेर. टॅक्सीवाला खाली हॉर्न मारत होता. सासूबाईंनी, ज्यांना मी आईच म्हणते, आम्हाला हात धरून देवघरात नेलं आणि नमस्कार करायला लावला. म्हणाल्या, "देव आत्ता देत नाही तुमच्याबरोबर. आज हे भाड्याचं घर, उद्या ते भाड्याचं घर, असं त्यांना फिरवायचं नाही. तुमचं स्वतःचं दार झालं की मी स्वतः घेऊन येईन." खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दोन किलो आधीच जास्त होतं.

लंडनला ईलिंगमध्ये आमच्या पहिल्या फ्लॅटच्या अॅग्रीमेंटमध्ये लिहिलेलं होतं, मेणबत्ती नको, उदबत्ती नको. फोडणी टाकली की स्मोक अलार्म बोंबलायचा, म्हणून मी जानेवारीतसुद्धा खिडकी उघडी टाकून, अंगात कोट घालून मोहरी तडतडवायचे. शेजाऱ्यांना वास नको, ऑफिसात डब्याचा वास नको, बसमध्ये फोनवर मोठ्याने मराठी नको. कोणी मला कधी काही बोललं नव्हतं बरं का. मीच आपली आधी अंग चोरून घ्यायचे. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आलेत त्यांना हे नव्याने सांगायला नको. जे तिकडे राहिलात त्यांना सांगते, ही सवय एकदा लागली की घराच्या आतसुद्धा सुटत नाही.

मग निखिलला कार्डिफला नोकरी लागली, मला तिथल्या हॉस्पिटलच्या पगार-विभागात, आणि आम्ही एक जुनं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका भिंतीने शेजारच्या घराला जोडलेलं घर घेतलं. दरम्यान सासरे गेले. आईंनी कराडचं घर बंद केलं आणि त्या पुण्याला माझ्या नणंदेकडे, वैशालीकडे राहायला गेल्या. गेल्या सप्टेंबरात सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या तेव्हा खांद्याच्या पिशवीत देव होते. खंडोबा-भवानीचे चांदीचे टाक, बाळकृष्ण, त्यांच्या लग्नात त्यांना मिळालेली अन्नपूर्णा. विमानात ती पिशवी वरच्या कप्प्यात ठेवा म्हटलं तर बाईंनी ऐकलं नाही, मुंबईपासून मांडीवर घेऊन बसल्या.

जागा त्यांनीच शोधली. आमच्या वरच्या मजल्यावर, जिन्यासमोर एक भिंतीतलं कपाट आहे. पूर्वी अशा घरांत तिथे गरम पाण्याची टाकी असायची. आधीच्या मालकांनी गॅसचा नवा बॉयलर बसवून टाकी काढून टाकली, तेव्हापासून कपाट रिकामं. आम्ही तिथे टॉवेल आणि व्हॅक्युम क्लीनर ठेवायचो. आईंनी ते उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे छान आहे गं मुग्धा. दार आहे, रात्री लावून घेता येतं. तोंडही पूर्वेला येतंय." टॉवेल गेले. फळी पुसली, पाट आला, लाल कापड आलं. रोज सकाळी मी कामाला निघताना वरून घंटी ऐकू यायची. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू. पाहुणे येणार असले की मात्र मी जाता जाता कपाटाचं दार लोटून द्यायचे.

नोव्हेंबरात बॉयलर कुरकुरायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, हा आणखी एक हिवाळा काढेल, फार तर. तेव्हा निखिलने हीट पंपाचा ध्यास घेतला. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापवणारं यंत्र, गॅस नको, आणि मुख्य म्हणजे सरकार त्यासाठी घसघशीत अनुदान देतं. आमची पहिली प्रतिक्रिया घाबरण्याची होती. कित्येक वर्षं आमच्या व्हिसावर सरकारी मदत घ्यायची नाही असं छापलेलं होतं. ते व्हिसाचं कार्ड जाऊनही काळ लोटला, तरी निखिलने दोनदा तपासलं, हे आपल्याला चालतं ना म्हणून. चालत होतं. घर आपलं, जुना बॉयलर आपला, घराचं एनर्जी सर्टिफिकेट आहे, बस्स. अर्जसुद्धा बसवणारी कंपनीच करते, आपण फक्त ईमेलवर होकार द्यायचा. मला काय वाटलं सांगू? पहिल्यांदाच हा देश आपल्याला काहीतरी आपणहून देतोय. त्यामुळे सर्व्हेला माणूस येणार त्या दिवशी मी घर असं आवरलं की जणू मुलगी बघायला येणार आहेत. आपल्याकडून कुठे काही वेगळं, काही अवघड निघायला नको.

सर्व्हेवाला साधा माणूस होता. बुटांवर निळी प्लॅस्टिकची कव्हरं चढवून खोल्या-खोल्या फिरला, खिडक्या मोजल्या, रेडिएटर मोजले, लॉफ्टमध्ये डोकावून आमच्या रिकाम्या बॅगा पाहिल्या. मग म्हणाला, हीट पंपाला गरम पाण्याची टाकी लागते, ती कुठे ठेवू या? जिन्यासमोर आला तेव्हा उदबत्तीचा वास दरवळत होता. "लव्हली स्मेल," तो म्हणाला. "योगा?" मी म्हटलं, "येस, सॉर्ट ऑफ."

त्याने कपाट उघडलं. आत निरांजन अजून तेवत होतं, ताजी फुलं वाहिलेली होती. तो एक पाऊल मागे आला. "ओह, सॉरी. हे तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल तर आपण टाकी त्या छोट्या खोलीच्या कोपऱ्यात घेऊ. पाइप थोडे वाढतील, इतकंच." छोटी खोली म्हणजे माझं घरून काम करायचं टेबल. मी क्षणभरही थांबले नाही. हसले आणि म्हणाले, "नो, नो, इट्स नथिंग. जस्ट सम ऑफ माय मदर-इन-लॉज थिंग्ज. वी कॅन क्लिअर इट."

आई जिन्यात होत्या. त्याच्यासाठी चहाचा ट्रे घेऊन वर येत होत्या. आणि तुम्हाला सांगायचं राहिलं, आईंनी कराडला मुलींच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलंय. त्या दोन पायऱ्या खाली थांबल्या, मग वर आल्या, आणि त्यांच्या त्या नेमक्या, स्वच्छ इंग्रजीत त्याला म्हणाल्या, "मिल्क इज सेपरेट. प्लीज हेल्प युवरसेल्फ." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर मला वाटलं, आता काहीतरी निघेल. काही निघालं नाही. संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "मोठा डबा आहे का गं एखादा? काम सुरू झालं की धूळ होईल. देव तांदळात ठेवते." आमच्याकडे ही पद्धत आहे. घरातले सगळे गावाला जाणार असले आणि पूजा होणार नसली की देव तांदळात ठेवायचे, परत आलो की बाहेर काढायचे. तोवर त्यांची विश्रांती. मी डबा दिला. "बासमती आहे आई, चालेल?" एवढंच तोंडातून निघालं. "तांदूळच ना? चालतात की," त्या म्हणाल्या. त्या वेळी बोलायला हवं होतं. टाकी छोट्या खोलीत घेऊ या असा एक फोन करायचा होता, दुसऱ्या दिवशीसुद्धा चालला असता. पण तो फोन करायचा म्हणजे आदल्या दिवशी मी काय बोलले ते कबूल करायचं. मी ऑफिसला गेले.

होकाराची ईमेल आली ती हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये, सूपच्या रांगेत उभी असताना. जुनं हीटिंग पूर्ण काढणार ना, घर तुमचंच ना, कंपनीला तुमच्या वतीने अनुदान मागू द्यायचं ना. मी होय, होय करत गेले. मंजुरी आली, तिला मुदत होती, त्यामुळे काम पटापट झालं. मागच्या अंगणात मोठ्ठी पांढरी पेटी आली, रेडिएटर बदलले, बॉयलर उचलून नेला. कपाटात टाकी बसली, अगदी मापात. अनुदानाची रक्कम बिलातून वजा होऊन आली. निखिलने त्या बिलाचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले.

काम संपल्यावर महिनाभर आई आमच्याकडे होत्या. डबा त्यांच्या खोलीत, उशाशी. रोज आंघोळ झाली की त्या डब्याला नुसता हात लावून नमस्कार करायच्या. मी दोनदा म्हटलं, "आई, हॉलमध्ये एखादी शेल्फ मारू या का?" अशा सुरात म्हटलं की त्यांनी नकोच म्हणावं. "असू दे गं," त्या म्हणाल्या. मार्चमध्ये हीथ्रोला त्यांना सोडायला गेलो, तेव्हा डबा परत त्या खांद्याच्या पिशवीत होता. निखिल ट्रॉली आणायला गेलेला. मी म्हटलं, "आई, देव..." त्यांनी माझ्या कोटाची कॉलर नीट केली. "तुम्हाला सध्या जागेची अडचण आहे. बघू पुढे." आणि मी, चांगली शिकलीसवरलेली बाई, मान हलवली.

निखिलला मी महिन्याभराने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी असतो तर मीपण तेच बोललो असतो." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, बिचारा. वाटलं नाही.

गेल्या रविवारी वैशालीशी व्हिडिओ कॉल चालू होता. तिच्या दाराची बेल वाजली, तिने फोन तसाच टेबलावर टेकवून ठेवला. मी इकडे ओट्यावर कांदा चिरत होते. आईंच्या जाऊबाई आल्या होत्या, सुमनकाकू, साताऱ्याहून. त्यांचा आवाज पहिल्यापासून खणखणीत. "हे काय वहिनी, कुळाचे देव लेकीच्या घरी? सुनेनं ठेवून नाही घेतले?"

मी सुरी तशीच धरून उभी राहिले. कुळाचे देव लेकीकडे राहणं म्हणजे आमच्या नात्यात काय असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आता आईंनी नुसता सुस्कारा सोडला असता तरी माझं नाव खराब व्हायला पुरे होतं.

"अगं, तिनं केवढा आग्रह केला," आई म्हणाल्या. "रडायचीच बाकी होती. इतकी छान जागा केली होती तिनं, पूर्वेला तोंड करून. पण मलाच त्यांच्याशिवाय करमेना. म्हटलं, मी आहे तोवर माझ्याजवळ राहू देत."

"गुणाची आहे हो तुमची सून," काकू म्हणाल्या.

"आहेच," आई म्हणाल्या.

मी फोन बंद केला. माझी मला इतकी लाज वाटली की कांदा संपेपर्यंत मान वर करवली नाही, आणि स्वयंपाकघरात तर मी एकटीच होते. तो आग्रह मी कधी केलाच नव्हता, आणि अजूनही केलेला नाही. आता कुठल्या तोंडाने करणार?

घर कुठे असं मला इतकी वर्षं लोक विचारायचे आणि मी कार्डिफ म्हणून मोकळी व्हायचे. आता अडखळते. आपल्या मागे आपली बाजू सावरून घेणारं माणूस जिथे राहतं, ते घर, असं मला त्या रविवारपासून वाटतं. ते पुण्यात आहे. इथे सगळ्या खोल्या गरम आहेत.