भूक मरते, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. नवऱ्याला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं, भीतीचं, ते फक्त माझ्यापाशी आहे.

मी फार जाड होते. जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत नोकरी. ऑफिसचा जिना चढताना धाप लागायची, त्यात शुगर. शेवटी संभाजीनगरच्या एका सर्जनकडे गेलो. त्यांनी वजन उतरवायच्या ऑपरेशनचे प्रकार चित्र काढून समजावले. एका प्रकारात जठराचा मोठा भाग कापून काढतात, केळ्यासारखी नळी तेवढी ठेवतात. भूक चेतवणारं संप्रेरक बरंचसं त्या कापलेल्या भागातच तयार होतं — म्हणून जागाही कमी, भूकही कमी. दुसरा बायपास: जठराची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, अन्न मधली वाट टाळून जातं, अंगी कमी लागतं. पूर्वी जठराला पट्टाही बांधायचे, आता क्वचितच. माझं पहिल्या प्रकाराचं ठरलं. टेबलावर झोपवलं तेव्हा एकच मनात — मेले तर लोक म्हणतील, खाण्यापायी मेली.

तीच भीती घेऊन घरी आले. तीर्थपुरीला सासरी सांगितलं, पित्ताचे खडे काढले. पोटावरच्या खुणा त्यात खपून गेल्या. वजन उतरलं तशा बायका विचारू लागल्या. मी म्हणाले — चालणं आणि अर्धी भाकरी. मनाचा निग्रह पाहिजे, असंही म्हणाले. ते बोलताना किती बरं वाटायचं, कसं सांगू?

मंगल माझी धाकटी जाऊ. तीही जाड, शुगरच्या गोळ्या चालू. तिनं माझं बोलणं मनावर घेतलं. मी गावी गेले की शेजारी बसून माझ्याएवढंच वाढून घ्यायची. माझं पोट कापलेलं. तिचं अख्खं. एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "ताई, मला लई भूक लागून राह्यली. तुम्हाला न्हाई लागत का?"

दोघीच होतो. तेव्हा सांगता आलं असतं ना? मी म्हणाले, "पहिले लागते. मंग मरते."

संक्रांतीच्या आधी, बाजरीच्या भाकरी करताना ती कोसळली. गोळी घेतलेली, पोटात काही नाही — शुगर एकदम उतरली. उजवा हात तापल्या तव्यावर पडला. दवाखान्यात डॉक्टर ओरडले, गोळ्या चालू असताना उपाशी राहायला कुणी सांगितलं? सासूबाई माझ्याकडे बघत होत्या — का मलाच तसं वाटलं? मंगल कण्हत म्हणाली, "कुणी न्हाई साहेब. माझंच येडपण." मला पाठीशी घालत होती ती. काय पाठीशी घालतेय, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिच्या त्या हाताची बोटं आता पुरती मिटत नाहीत. कणीक मळताना तळहातानं दाबते. वजन तेवढंच आहे. आल्यागेल्याला सांगते, "ताईवाणी जिद्द पाहिजे, आपल्याच्यानं होत न्हाई." आता खरं सांगितलं तर त्या हाताकडे मी बघू कशी?

परवा गावी गेले होते. मंगलची मुलगी, यंदा कॉलेजात गेलेली, माझ्या समोर जेवायला बसली. अर्धी भाकरी मोडली आणि ताट सारलं. मंगल कौतुकानं हसली. "मोठ्या आईवर गेली बघा."

मी तिला म्हणाले, "पोटभर जेव गं."

पोरगी माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "तू तरी कुठं जेवतीस, मोठी आई?"

मी खाली बघितलं. माझ्या ताटातही अर्धीच भाकरी होती.