जिताड्याने ओढलेली होडी

कयाकमध्ये बसलं की पाणी अगदी कमरेला येऊन टेकतं. होडी इतकी हलकी की नुसती मान वळवली तरी डुलते. त्या सकाळी खाडीत भरती चढत होती. भरतीबरोबर समुद्रातून जिताडे आत शिरतात, म्हणून मी कांदळवनाच्या कडेला गळ टाकून बसले होते. शेजारच्या कयाकमध्ये माझा मोठा भाऊ थर्मासमधला चहा ओतत होता.

गळाची काठी एकदम वाकली. मी रीळ फिरवायला लागले, पण मासा जवळ येईना. उलट कांदळवनच जवळ येऊ लागलं. मग लक्षात आलं, होडीसकट मीच त्याच्याकडे चालले होते.

"अगं, उलटं वल्हव. मुळांत शिरला तर दोरी तोडेल तो," दादा ओरडला.

वल्हं मांडीवर आडवं तसंच राहिलं. पाण्याखालचं एक न दिसणारं जनावर मला, माझ्या डब्याला, माझ्या चष्म्याला घेऊन निघालं होतं आणि मला हसू आवरत नव्हतं. एरवी सगळं मलाच ओढावं लागतं, घर, नोकरी, पाहुण्यांशी गप्पासुद्धा. मला कुणी इतक्या जोरात ओढून नेल्याचं आठवतच नव्हतं.

आणि तो उसळला. हातभर लांब, चांदीसारखा. हवेतच त्याने डोकं झटकून गळ भिरकावला. दोरी सैल पडली.

"गेला ना?" दादाने विचारलं.

"गेला," मी म्हटलं. पण होडी थांबली नव्हती. त्याने दिलेल्या वेगात ती अजून पुढे सरकत होती, आणि मी वल्ह्याला हात लावला नाही.