चौथ्या रिळातली उलटी जोड

आमच्या मावशीने आयुष्यात हजारभर सिनेमे हाताळले आणि धड दहाही पाहिले नाहीत. सिनेमांच्या गोदामात ती रिळं तपासायची. गावोगावच्या टॉकीजमधून परत आलेलं रीळ एका चाकावरून दुसऱ्या चाकावर गुंडाळायचं, फिल्मची कड दोन बोटांत धरायची आणि कुठे भोक फाटलंय, कुठे जोड सुटलीय ते न बघता ओळखायचं, हे तिचं काम. नट कोण, नटी कोण, असं विचारलं तर म्हणायची, मला काय माहीत, मला सगळे नखाएवढे दिसतात.

मी मात्र सिनेमावेडी, आणि तेही एकाच सिनेमाची. घरात आम्ही त्याला ‘तलवारीचा सिनेमा’ म्हणायचो. तांब्याचा मुखवटा घातलेली जादूगारीण, अर्धी मोडलेली तलवार घेऊन तिच्या किल्ल्यात घुसणारा एक धिप्पाड गडी आणि एक भलामोठा अजगर. त्या अजगराच्या पोटावरची चेन मला चौथ्या वेळी दिसली. दिसली तर दिसली, माझं काही अडलं नाही. मी अकरा वेळा पाहिला. सगळ्यात भारी म्हणजे जिन्यावरची लढाई. जादूगारीण हात वर करते आणि एकाएकी गड्याच्या उजव्या हातातली तलवार डाव्या हातात येते, सगळ्यांची वाचा जाते, ऐकू येते ती नुसती घरघर. अर्धं मिनिट हे चालतं, मग सगळं पहिल्यासारखं. काय ती जादू, बाई! आम्ही पोरं गल्लीत डाव्या हाताने, तोंड मिटून लढायचो. बोलला तो मेला.

आता मी बावन्न वर्षांची आहे, बसमध्ये कंडक्टर आहे, आणि अर्धं आयुष्य लोकांना ‘पुढे सरका’ म्हणण्यात गेलंय. गेल्या महिन्यात आमच्या जुन्या टॉकीजच्या ऑपरेटरचा फोन आला. टॉकीज पाडायला काढलंय, शनिवारी मशीनही जाणार. कपाटामागे आठ रिळं सापडली आणि ती तलवारीच्या सिनेमाची होती. दुसरी प्रत कुठे असल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. एक जण शुक्रवारी येऊन त्याची कॉम्प्युटरवर कॉपी करून द्यायला तयार होता, पण फिल्मची अशी दशा की मशीनवर दहा ठिकाणी तुटली असती. तुझ्या मावशीला विचारतेस का, म्हणाला.

मावशी शहात्तरची. साखरेने तिच्या बोटांची जाणीव गेलेली, चटका बसला तरी फोड बघून कळतं. मला वाटलं, नाहीच म्हणणार. तिने एवढंच विचारलं की त्यात चौथं रीळ आहे का. आहे म्हटल्यावर चपला घालून दारात उभी.

चार दिवस आम्ही टॉकीजच्या मशीनरूममध्ये बसलो. मी हँडल फिरवायचे. बोटं निकामी, म्हणून तिने मनगटाची आतली बाजू फिल्मला लावली. तिथलं कातडं अजून जागं होतं. फाटकी भोकं ओरबाडत जायची, दुपारपर्यंत मनगट लालबुंद. मी म्हटलं, रुमाल बांधते. तर उलट मलाच झापलं, रुमालाला काय कळतं, आणि तू हे घंटी मारल्यासारखं काय फिरवतेस, हळू.

तिसऱ्या दिवशी चौथं रीळ लागलं. एका जोडीपाशी तिने मला थांबवलं, फिल्म दिव्यासमोर धरली आणि कात्री मागितली. हा तुकडा उलटा जोडलाय, म्हणाली, डावं-उजवं फिरलंय आणि आवाजाची पट्टी भलत्या कडेला गेलीय. तो सुटा करून ती सुलटा लावणार होती.

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला आणि मग माझा पारा चढला. ती जादू, ती घरघर, आमचं अख्खं लहानपण म्हणजे नुसती एक चुकीची जोड? असेना का. मी कात्री पाठीमागे धरली. सांगितलं, हात लावायचा नाही, तोच तर सीन आहे.

मावशी चिडली नाही. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

“जोडताना फिल्म ओल्या ओठाला लावून बघायची असते. चित्राची बाजू चिकटते, दुसरी चिकटत नाही. त्या दिवशी माझं तोंड आलं होतं, ओठ फुटले होते. मी नुसतं बघून जोडलं.”

मग तिने उरलेलं सांगितलं. तिच्या शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाली होती, तिची मैत्रीण. आठ रिळं दोघींनी वाटून घेतली होती, आणि मावशी लवकर घरी गेली म्हणून तपासणीच्या कार्डावर सही चष्मेवालीची. कुठल्याशा टॉकीजची तक्रार आली, त्यात रीळ कितवं ते नव्हतं, मालकाने कार्ड बघितलं आणि तिला त्याच दिवशी काढून टाकलं. जोड दुरुस्त करायची तसदी मात्र कोणी घेतली नाही. मावशी तिथेच उभी होती. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण घरात मिळवणारी ती एकटी.

“परवा कॉपी झाली की हे असंच राहणार, कायमचं. मी मेल्यावरही. दे ती कात्री.”

मी चडफडत दिली. तिने तुकडा सोडवला, ओठ ओला करून फिल्म लावली, चिकटली. दोनदा खात्री केली, जोड दाबून बसवली आणि म्हणाली, आता शुक्रवारी चष्मेवालीला घेऊन ये. मी म्हटलं, कशाला उकरतेस, तिच्या लक्षातही नसेल. ऐकेल तर ती मावशी कसली.

शुक्रवारी दुपारी मोकळ्या टॉकीजमध्ये आम्ही पाच जण. चष्मेवालीला मी एवढंच सांगून आणलं होतं की जुना सिनेमा लागतोय. चष्म्याच्या काचा आता चांगल्याच जाड झालेल्या. पडदा उजळला आणि मी खरंच दहा वर्षांची झाले. अजगर आला, त्याची चेन दिसली, मी मोठ्याने हसले. मग जिना आला. जादूगारिणीने हात वर केला आणि साध्या, थोड्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, “पहारेकऱ्यांनो, धरा याला.” बस. तलवार उजव्या हातात होती तशीच राहिली. माझी जादू गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

सिनेमा संपल्यावर मावशी उठून चष्मेवालीच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

“चौथ्या रिळातली ती जोड माझी होती. मला तेव्हाच माहीत होतं. मी गप्प बसले.”

चष्मेवालीने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“मी नंतर शिवणकाम केलं,” ती म्हणाली. “कापडाची सुलट बाजू कुठली, ते तीन-तीनदा बघायचे. गिऱ्हाइकं हसायची. मुलगी अजून हसते. मला वाटायचं, माझ्या नजरेवर भरवसाच नाही ठेवता येत.”

“तुझ्या नजरेला काही झालं नव्हतं.”

“म्हणजे ती जोड माझी नव्हती,” चष्मेवाली म्हणाली. मग पुन्हा, कोणाकडेच न बघता, “माझी नव्हती.”

मावशी तशीच उभी होती. शेजारची खुर्ची रिकामी होती. चष्मेवालीने तिला बस म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही.