लेकरं मोजून सांगू नयेत

किश्श्यांचं लेकरांसारखंच असतं. एक मांडीवर घेतला की दुसरा पदर ओढतो, तिसरा गळ्यात पडतो. त्यात आमच्या वस्तीत शहाणी माणसं लई, म्हणून किश्श्यांना तोटा नाही. सगळ्यात शहाणी मीच!

तर आटपाट नगरबिगर काही नव्हतं. वेरूळच्या रस्त्याला दगडाच्या खदानीवर पत्र्याची वस्ती होती. तिथं एक अडाणी म्हातारी राहायची, म्हणजे मी. तिची सून सुमन, मॅट्रिक पास. शेजारीण नसीमबी. आणि लेकरं होती. किती, ते विचारू नका. त्याच्यावरूनच सगळं रामायण झालं.

*

अंगणवाडी होती, पण रस्त्याच्या पलीकडं, गावात. मधून खदानीचे ट्रक. मी पोरांची माळ धरून रोज पलीकडं न्यायची. तिथली बाई म्हणाली, "आजी, तुमच्या पोरांची नावं रजिस्टरात नाहीत. खिचडी नावावर येते."

"मग लिवा की नावं!"

"तुमची वस्ती आमच्या हद्दीत नाही."

"मग आम्ही कोणाच्या हद्दीत?"

"ते मला काय ठाऊक? ऑफिसात विचारा."

पोरं उंबऱ्याबाहेर बसून आतली गाणी म्हणायची आणि उपाशी परत यायची. एक दिवस धाकटी नात माझ्या हातातून निसटली. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला, म्हणून वाचली. त्या दिवशी ठरवलं, अंगणवाडी वस्तीतच पाहिजे!

*

अर्ज सुमननं लिहिला, अंगठे बायांनी दिले, भांडायला मी गेले. ऑफिसात असं भांडले, की साहेबानं मला गप करायला चहा मागवला. म्हणाला, "म्याडम सर्वेला येतील. पुरेशी लेकरं निघाली तर मंजुरी."

म्याडम आल्या. पहिलं घर माझं. "आजी, सहा वर्षांच्या आतली लेकरं किती?"

आता तुम्हीच सांगा, भरल्या घरची लेकरं परक्या बाईला मोजून सांगतं का कोणी? दृष्ट लागते! अंगणात माझी पाच नातवंडं धूळ उडवत होती. मी म्हणलं, "दोन हायेत बाई, देवाच्या दयेनं."

"मग ही बाकीची तीन?"

"पाव्हण्याची!"

नसीमबीची चार. तिनं सांगितलं, "अल्ला का दिया एक है." सगळ्या वस्तीनं असंच केलं.

महिन्यानं कागद आला. सुमननं वाचला, "लेकरं कमी असल्यानं नामंजूर." मग माझ्याकडं बघत म्हणाली, "आत्याबाई, ऑफिसात एवढं भांडलात, ते कोणासाठी?"

"त्या दोघांसाठीच की!"

*

पुन्हा अर्ज, पुन्हा सर्वे. या खेपेला मी जास्तच हुशार झाले. कन्नडला दिलेल्या लेकीची दोन पोरं आणून आपल्यात बसवली. म्याडमनी त्यातलंच एक उचललं. "घर कुठंय रे तुझं?"

"कन्नडला. आजी जिलेबी देणार हाय."

म्याडमनी कपाळाला हात लावला. "आजी, मागं आपली लपवली, आता दुसऱ्याची दाखवता! खरी किती ते एकदा तोंडानं सांगा."

माझी जीभ काही वळेना. तेव्हा नसीमबी पुढं झाली. "म्याडम, बच्चे नक्को गिनो. कटोरे गिनो!"

आणि वस्तीकडं तोंड करून ओरडली, "खिचडीऽऽ!"

जिथून तिथून लेकरं आपापली वाटी घेऊन पळत सुटली. कन्नडची दोन नसीमबीनं बाजूला काढली, बाकीच्यांच्या वाट्या ओळीनं मांडल्या. म्याडम वाट्या मोजत पार खदानीच्या कडेपर्यंत गेल्या.

खिचडी मात्र मलाच शिजवावी लागली. हाक देऊन झाली होती ना!

*

मंजुरी आली. सुमन सेविका झाली. आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेलं पहिलं माणूस म्हणजे सून!

पहिल्या दिवशी ऑफिसातून नवी खुर्ची आली. पण आमच्यात सून सासूपुढं वर बसत नाही. मी पोरांत खाली बसलेली, सुमन खुर्चीजवळ उभी.

म्याडम म्हणाल्या, "सुमनताई, बसा की."

"आत्याबाई हायेत."

मी बाहेर गेले, तर धाकटी भोकाड पसरून मागं आली. तिला घेऊन आत आले, तर टेकलेली सुमन टुणकन उभी!

शेवटी मी म्हणलं, "बस गं बाई, मी बघतच नाही!" आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मागं खुर्ची करकरली. सुमननं रजिस्टर उघडून पहिलं नाव पुकारलं.

माझ्या कानाशीच आवाज आला, "हजर!"

बघते तर काय, सगळी लेकरं भिंतीकडं तोंड करून बसलेली!