पाणी कुठवर आलं होतं

जहिराला पत्ता विचारला की ती म्हणायची, "मेन रोडच्या मागं." ओढ्याचं नाव ती कधी तोंडातून काढत नसे. श्रीरामपूरहून लग्न होऊन राहात्याला येताना सासरच्यांनी घर "मोकळ्या हवेचं" आहे असं सांगितलं होतं. हवा मोकळी होतीच, मागच्या दारानं ओढ्याच्या वासासकट यायची. घर मात्र जहिरानं आरशासारखं ठेवलं. शिवणाच्या गिऱ्हाइकालाही काचेच्या पेल्यात पाणी. गल्लीत कुणाकडं पाहुणे आले की चांगल्या कपबशा तिच्याकडूनच जायच्या.

ओढ्याच्या पुराचा बंदोबस्त करायचं ठरलं, तेव्हा आराखडा करणाऱ्या मोनिका मॅडम गल्लीत आल्या. बरोबर निळ्या रंगाचा डबा घेतलेला रंगवाला. मागच्या पुरात पाणी कुठवर चढलं ते घरोघर विचारायचं आणि तिथं भिंतीवर रेघ मारायची. त्या रेघांवरून काम ठरणार होतं.

नेमकी त्याच आठवड्यात अरफाला, जहिराच्या मुलीला, बघायला मंडळी येणार होती. पुढच्या भिंतीला ताजा रंग दिलेला.

"पाणी? उंबऱ्याला लागून गेलं, बस," जहिरा म्हणाली.

रेघ उंबऱ्याशी मारली गेली.

शेजारी छबूबाई. भिंतीला भिंत. गल्लीत ओढ्याला टेकलेली घरं ही दोनच. तिनं छातीशी हात धरला. "हितवर हुतं, मॅडम. डबे तरंगत हुते माझे."

मॅडमनी दोन्ही उंबरे पाहिले. पातळी एकच.

"छबूबाई, पाणी तुझ्याकडंच मुक्कामाला आल्तं व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. "भरपाई पायजे तिला!" सगळे हसले.

छबूबाई जहिराकडं वळली. "भाभी, तुमी सांगा की. तुमच्या गाद्या शाळेच्या जिन्यावर कुनी नेल्या?"

जहिरानं ओढणी सारखी केली. "दूध उतू जातंय," म्हणाली आणि आत गेली. गॅसवर काहीच नव्हतं. छबूबाईच्या भिंतीवरही रेघ उंबऱ्याशीच मारली गेली.

अरफाचं जमलं. पुढच्या महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये आराखडा पडद्यावर दाखवला. पुलापर्यंत दगडी भिंत. पुलाच्या पुढं काठ मोकळा, करंज, बांबू, फिरायला वाट. मोठा पूर आला की पाणी तिथं पसरू द्यायचं, म्हणजे बाकीचं गाव वाचेल. लोकांना चित्र आवडलं. हिरवा पट्टा जहिराच्या मागच्या दाराला येऊन टेकला होता.

"तिथल्या घरांत पाणी शिरत नाही, म्हणून ती जागा घेतली," मॅडम म्हणाल्या.

छबूबाई बोलली नाही. चारचौघांत हसं झालेलं माणूस पुन्हा हात वर करत नाही.

घरी येऊन जहिरा अरफाला म्हणाली, "खरं सांगितलं असतं गं, पण तुझ्या सासरी कळलं तर?"

"काय कळायचंय, अम्मी? पुराचे व्हिडिओ मी तौफिकला आधीच दाखवले होते. त्याच्या अम्मीनंही पाहिलेत. म्हणून तर त्या तुझ्या भिंतीच्या रंगाचं एवढं कौतुक करत होत्या."

जहिरा खाली बसली. ज्यांच्यापासून लपवलं त्यांना सगळं ठाऊक होतं. खोटी पडली ती फक्त छबूबाई. आता खरं सांगायला काही अडत नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त अवघड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन मॅडमना घेऊन आली. रंगवालाही आला. गल्ली दारात उभी.

"मी खोटं सांगितलं," जहिरा म्हणाली. "छबूबाईचं खरं होतं."

"अहो, पण का?"

"घरी पाहुणे येणार होते."

मॅडमना ते कळलं नाही. बायकांना कळलं. त्या दिवशी हसलेल्यांपैकी आज कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं, असं जहिराला वाटलं.

"तुमच्या घरांमागं पाणी सोडणार होतो आम्ही," मॅडम म्हणाल्या. "तो पट्टा आता दुसरीकडं बघावा लागेल. दाखवा नीट, कुठवर होतं?"

जहिरानं भिंतीवर कमरेएवढ्यावर हात ठेवला.

छबूबाई आपल्या दारात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. तिनं मान वर केली नाही. "वर."

जहिरानं हात सरकवला.

"अजून वर, जहिरा."

या वेळी ती 'भाभी' म्हणाली नव्हती. जहिराचा हात छातीशी आला, तेव्हा सूप पुन्हा हलायला लागलं.