बुरशीताई

कतारमधल्या दोह्यात, भर जूनमध्ये लोकरीचा स्वेटर घालून हिंडणारी एकच बाई मी पाहिली. प्रयोगशाळेतले आम्ही मराठी लोक त्यांना बुरशीताई म्हणायचो. दिवसभर त्या शीतखोलीत असायच्या. तिथल्या ट्रेमध्ये हिमालयातली माती होती आणि त्या मातीत, फ्रिजसारख्या गारठ्यातही झाडांचे तंतू विरघळवणारी बुरशी. वाळक्या खजुराच्या झावळ्या, कागद, सुती चिंधी, तिला काहीही चालायचं.

"बुरशीला दात नसतात गं," ताई मला समजावायच्या. "ती एन्झाइम सोडते. धागा बाहेरच विरघळतो, मग ती तो पिऊन टाकते. घाई नाही, आवाज नाही." हे सांगताना त्यांचाही आवाज खाली यायचा आणि मला उगाच मागे वळून बघावंसं वाटायचं.

त्यांचे यजमान तिथल्या हमद बंदरावर इंजिनिअर होते. एका सकाळी कामावर गेले आणि तिथेच छातीत कळ येऊन गेले. नाशिकला सगळे विधी उरकून ताई परत आल्या, त्या थेट शीतखोलीत. त्याच आठवड्यात मला एका ट्रेमधल्या मातीतून निळी बाही वर आलेली दिसली. मी किंचाळलेच.

"ह्यांचा शर्ट आहे," ताई शांतपणे म्हणाल्या. "आदल्या दिवशी घातलेला. धुववत नाही, टाकवत नाही. म्हटलं, बुरशीच्याच हवाली करावा." त्यांनी ती बाही मातीखाली सारली, पांघरूण घालावं तशी.

हिवाळ्यात आम्ही तो ट्रे उघडला. सूत संपलं होतं. पण ताईंनी हळूच माती झटकून चिमटीत धरून जे उचललं, ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. खांदे, बाह्या, खिसा, सगळं होतं, नुसत्या शिवणींचं. कॉलरचं कडक अस्तर तसंच ताठ होतं.

"शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असतो, विसरलेच मी," त्या पुटपुटल्या. त्यांनी तो शर्ट हँगरला लावला. कॉलरचं बटण लावलं, क्षणभर पाहिलं आणि परत काढलं. "हे बटण ते कधीच लावत नसत." पंख्याच्या झोतात एक बाही हलली. मी दाराकडे सरकले. ताई जवळ गेल्या.

पुढे त्या नोकरी सोडून नाशिकला निघाल्या. "शर्ट बांधून देऊ का?" मी विचारलं.

"राहू दे गं. कामावरून निघायला ह्यांना नेहमीच उशीर व्हायचा. येतील मागून."

शीतखोली आता माझ्याकडे आहे. आत जाण्याआधी मी दार वाजवते.